डाव्या कानातली शिट्टी

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कान वाजणं ही ढोल-ताशा पथकात कुणाला सांगण्यासारखी गोष्टच नसते. सगळ्यांचेच वाजतात. दडे बसलेले असतात, घसा बसलेला असतो, बोटांना फोड असतात आणि घरचं कुणी काही बोललं की दोनदा ‘काय?’ विचारावं लागतं. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळं आपोआप जागेवर येतं आणि पुढच्या वर्षीची भाषा सुरू होते. कॉलेजपासून ताशा वाजवत आल्यामुळे हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं. त्या वर्षी घसा सुटला, बोटं बरी झाली, उजवा कान मोकळा झाला. डावा झाला नाही.

त्यात एक शिट्टी राहिली. बारीक, सलग, ताशाच्याही वरच्या पट्टीतली. दिवसा ऑफिसात एसी, प्रिंटर, फोन यांच्या गलक्यात ती मागे पडायची. रात्री दिवा मालवला की पुढे यायची. मग मी कुशीवर वळून तो कान उशीत दाबायचे, आणि बाहेरचे उरलेसुरले आवाजही बंद झाल्यामुळे ती दुप्पट व्हायची. उठून पाणी प्यायचं, नाक दाबून कानात हवा सोडायची, जांभई द्यायची, पुन्हा पडायचं. हे रोजचं झालं.

पथकाबाहेरच्या लोकांना वाटतं, कान फाडतो तो ढोल. ढोल छातीत वाजतो. कानात घुसतो तो ताशा. तांब्याचं भांडं, त्यावर ताणून बसवलेलं फायबरचं पान, हातात दोन काड्या, आणि ताशेवाले सगळे एका ओळीत खांद्याला खांदा लावून. माझ्या डावीकडे नेहमी आमच्यातला सगळ्यात कडक वाजवणारा मुलगा असे. त्यात लक्ष्मी रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना इमारती. गेलेला आवाज भिंतींवर आपटून परत अंगावर येतो. त्या वर्षी भर म्हणजे अलका चौकात, जिथे सगळे रस्ते येऊन मिळतात आणि मिरवणूक तुंबते, तिथे आम्ही एका मंडळाच्या स्पीकरच्या भिंतीशेजारी बराच वेळ अडकून पडलो. त्या बेसने पोटातलं पाणीसुद्धा हलत होतं. आमच्यातले काही जण त्यावर नाचलेही.

कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, पडदा छान आहे म्हणाले, मळ नाही म्हणाले. रक्तप्रवाह सुधारणाऱ्या गोळ्या आणि जिंको नावाच्या झाडाच्या अर्काची एक गोळी लिहून दिली, आणि कागद हातात ठेवता ठेवता म्हणाले, “सवय करून घ्या. याला इलाज नाही.” पुढे मला कळलं की या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. पण सवय करून घ्यायची कशी, हे शिकवावं लागतं, आणि ते शिकवणारी माणसं असतात, एवढं त्यांनी सांगितलं असतं तर माझी दिवाळी वाचली असती.

कारण शिट्टीपेक्षा वाईट गोष्ट पुढेच होती. एकदा सकाळी सासूबाई भांडी लावत होत्या. स्टीलच्या ताटावर ताट ठेवलं, एरवी घरात दिवसातून शंभरदा होतो तेवढाच आवाज, आणि माझ्या डाव्या कानात आत कुणीतरी टोचल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई घाबरल्या. “काय झालं गं? पडलं का काही?” काहीच पडलं नव्हतं. त्या दिवसापासून एकेक आवाज माझ्या विरोधात जायला लागला. कुकरची शिट्टी, मिक्सर, रिक्षाचा हॉर्न, दाराची बेल, प्लास्टिकची पिशवी चुरगळल्याचा आवाज, पुतणीचं खिदळणं. लहान मुलीच्या हसण्याचा धसका घेणारी काकू व्हावं लागतं, हे मला शिट्टीपेक्षा जास्त लागलं. आरतीला मी बाल्कनीत उभी राहायचे. झांज तर सोडाच, टाळ्यासुद्धा सोसत नव्हत्या.

याला हायपरअ‍ॅक्युसिस म्हणतात. तेव्हा मला हे नाव माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात ‘वेड लागायला लागलंय’ एवढंच होतं.

घरचे, ऑफिसचे, मैत्रिणी, सगळ्यांचा सल्ला एकच: आवाजाचा त्रास होतोय ना, मग आवाजापासून लांब राहा. ऐकायला अगदी शहाणपणाचा वाटतो. औषधाच्या दुकानातून फोमचे नारिंगी बोळे आणले. आधी स्वयंपाकघरापुरते, मग गाडीवर, मग ऑफिसात, मग झोपताना. सासूबाई कुकरजवळ उभ्या राहून, तो फुसफुसायला लागला की आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायच्या, “शिट्टी होतेय गं!” त्यांचं ते ओरडणं शिट्टीपेक्षा मोठं असायचं, हा भाग निराळा. दिवाळीत आम्ही पुणं सोडून भोरला मामांकडे गेलो. तिथेही लक्ष्मीपूजनाला वाड्यासमोर सुतळी बॉम्ब फुटले. फटाक्यांना कायद्याने आवाजाची मर्यादा आहे, चार मीटरवर १२५ डेसिबल. ती पाळली तरी माणसाच्या कानाच्या दृष्टीने तो आकडा काही दयाळू नाही. मी मागच्या न्हाणीघरात, कानात बोळे, त्यावर मफलर, त्यावर हात, अशी बसले होते. नवरा दाराबाहेर.

बोळे घालून बाहेरचं जग जितकं दूर गेलं, तितकी आतली शिट्टी जवळ आली. आणि बोळे काढले की पंख्याचा आवाजसुद्धा लागायचा. आठवड्या-आठवड्याला हे वाढतच होतं.

सल्ल्यांबद्दल लिहायला बसले तर दुसरा लेख होईल. लसूण घालून कडवलेलं तेल, कापूर, तुळशीचा रस. सोसायटीतले एक काका फार गंभीरपणे म्हणाले, “अहो, हा अनाहत नाद आहे. योगी लोक यासाठी जन्म घालवतात.” मी म्हटलं, काका, तुम्हाला हवा असेल तर घेऊन जा. ओळखीच्या एका वैद्यबाई मात्र सरळ बोलल्या. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यात कानात आवाज येण्याचे कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड हे दोन प्रकार वेगवेगळे दिलेत, म्हणजे तक्रार जुनीच आहे. पण आधी ऐकण्याची तपासणी करून घे, तोवर कानात थेंबही घालू नको. त्यांनीच एका ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, मॅडमचा पत्ता दिला. या शिकून आलेल्या म्हैसूरच्या वाक् आणि श्रवण संस्थेतून. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथूनही असे लोक तयार होतात. ऑडिओलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि ती आहे की नाही हे विचारायला लाजू नये. श्रवणयंत्रं विकणाऱ्या दुकानातला प्रत्येक पांढरा कोट ऑडिओलॉजिस्टचा नसतो.

त्याआधी एमआरआय झाला. आवाज एकाच कानात असेल तर श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहून घेतात. बहुतेक वेळा नसते, माझीही नव्हती. पण आवाजाने हैराण झालेल्या बाईला एमआरआयच्या नळीत घालणं ही काय चेष्टा आहे, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. आधी तंत्रज्ञाला सांगून ठेवलं होतं. त्याने बोळ्यांवर हेडफोन चढवले, हातात घंटीचा फुगा दिला आणि मधे मधे थांबून ‘ताई, ठीक ना?’ विचारत राहिला. मी तो फुगा दाबला नाही, पण सोडलाही नाही.

मॅडमकडची पहिली भेट मला अजून बारकाव्यानिशी आठवते. भिंतींना स्पंज लावलेली छोटी खोली, जाड दार, हातात बटण. दार लागलं आणि शिट्टी एवढी मोठी झाली की वाटलं, बाहेर बसलेल्या मॅडमनाही ऐकू जात असेल. आधी नेहमीची चाचणी: २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंतचे स्वर, प्रत्येक किती हळू झाला तरी ऐकू येतो ते. मग एक वेगळीच. त्या कानात एक स्वर सोडायच्या आणि विचारायच्या, “तुमची शिट्टी याच्या वर की खाली?” वर. “आता?” अजून थोडी वर. “हा की हा?” ताशाची पानं चढवताना आम्ही जसे कान लावतो तसा मी कान लावला होता. ६००० हर्ट्झवर येऊन आम्ही थांबलो. मग आवाजाची पातळी जुळवली. जुळली तेव्हा मॅडमनी काचेतून मला खूण करून बाहेर बोलावलं आणि आकडा दाखवला. माझी शिट्टी माझ्या ऐकण्याच्या उंबरठ्यापेक्षा जेमतेम ६ डेसिबलने वर होती.

मला तो आकडा पटेना. ज्याने माझी झोप खाल्ली, ऑफिसातून रडत घरी आणलं, तो एवढासा? बहुतेकांचा एवढाच निघतो, त्या म्हणाल्या. किती त्रास होतो याचा आणि आवाज किती मोठा आहे याचा फारसा संबंध नसतो.

आलेखावर डाव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झला ३५ डेसिबलपर्यंत खाली गेली होती आणि ८००० ला पुन्हा वर आली होती. मोठ्या आवाजाने दुखावलेल्या कानाची ही नेहमीची खूण. २५ डेसिबलपर्यंत सगळं ठीक मानतात आणि बाकीचे स्वर त्यातच होते, त्यामुळे बोलणं-चालणं ऐकायला मला काहीच अडचण नव्हती, आणि म्हणूनच पहिल्या डॉक्टरांना ‘कान छान’ वाटला. मग मॅडमनी, आधी नीट समजावून, प्रत्येक स्वर हळूहळू वाढवत नेला. नकोसा झाला की हात वर करायचा. साधारण माणसं ९०-१०० पर्यंत जातात. डाव्या कानाला माझा हात ६५ लाच वर गेला. शेवटी टिनिटसची, म्हणजे कान असा आपोआप वाजत राहण्याची, जगभर वापरतात ती २५ प्रश्नांची यादी. होय म्हटलं की ४, कधीकधी म्हटलं की २, नाहीला शून्य, बेरीज शंभरावर. माझे ६४ आले, म्हणजे ‘तीव्र’ या खान्यात. शाळेनंतर पहिल्यांदा कमी मार्क हवे होते.

मॅडमनी सांगितलेलं मी माझ्या शब्दांत मांडते. आतल्या कानात बाहेरच्या ओळींतल्या सुमारे १२,००० केसपेशी, म्हणजे आवाजाच्या कंपनांना प्रतिसाद देणाऱ्या बारीक पेशी, असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. माझ्या ४००० च्या आसपासच्या काही गेल्या होत्या. तिथून येणारा माल कमी झाला की मेंदू त्या पट्ट्याचा आवाज स्वतःच वाढवतो, रेडिओवर आकाशवाणी नीट लागत नसली की आपण बटण पिळतो तसा. स्टेशन येत नाही, खरखर मोठी होते. शिट्टी ही ती खरखर. आणि बटण पिळलेलंच असल्यामुळे बाहेरून येणारं ताटही मोठं होऊन येतं. आता त्यावर तुम्ही बोळे घातलेत, म्हणजे माल आणखी कमी केलात. मेंदू आणखी पिळणार.

यावर त्यांनी एक प्रयोग सांगितला. २००३ मध्ये फॉर्मबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट कानांच्या लोकांना दोन आठवडे बोळे घालायला लावले, आणि त्यांना आवाज आधीपेक्षा जास्त लागायला लागले. नंतर तेवढेच दिवस कानाशी मंद खरखर वाजती ठेवली, तर आवाज आधीपेक्षा सोसायला लागले. हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. बटण उलटंही फिरतं तर.

शिट्टीच्या बाबतीत त्यांनी पावेल जस्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेलं सूत्र समजावलं. आवाज ऐकू येणं वेगळं, आणि मेंदूने त्याला धोका ठरवणं वेगळं. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी कानाची काही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर जवळजवळ सगळ्यांनाच कसला ना कसला आवाज ऐकू आला. एरवी कुणाचं तिकडे लक्ष जात नाही, कारण मेंदूने त्याला किंमत दिलेली नसते. माझ्या मेंदूने दिली होती, आणि मी दिवसभर तपासून तपासून ती वाढवत होते. औषधांबद्दल मॅडम स्पष्ट बोलल्या: शिट्टी बंद करते असं सिद्ध झालेली गोळी आज नाही. जिंको नाही, चक्करेवरची बीटाहिस्टिन नाही, झिंक नाही. बी-१२ कमी असेल तर घ्या, पण कमी आहे म्हणून घ्या, शिट्टीसाठी नको.

मग कामाला लागलो. घरात, ऑफिसात बोळे बंद. फक्त खरोखर मोठ्या आवाजाच्या ठिकाणी. बोळे सोडणंही एकदम नाही, आधी सकाळचा एक तास, मग दुपारपर्यंत, असं. घरात शांतता ठेवायची नाही. टेबलपंखा भिंतीकडे तोंड करून चालू, फोनवर पावसाचा आवाज, खिडकी किलकिली. हा आवाज शिट्टीला झाकेल इतका मोठा करायचा नाही, यावर मॅडमचा फार कटाक्ष होता. शिट्टी पूर्ण झाकली तर मेंदूला तिची ओळख जुनी व्हायची संधीच मिळत नाही. दोन्ही ऐकू यावेत आणि पाऊस जरा खालच्या पातळीवर असावा. रात्री तो उशीशेजारी मंद चालू. नवऱ्याला भर थंडीत पावसाच्या आवाजात झोपायची पाळी आली. तो दोनदा उठून खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे काढायला गेला.

भांड्यांचा भाग मात्र मला जास्त सांगायचा आहे, कारण बाहेरून तो हास्यास्पद दिसतो आणि मला सगळ्यात जास्त त्यानेच बाहेर काढलं. मॅडमनी छळणाऱ्या आवाजांची उतरंड लिहायला लावली. सगळ्यात वर झांज, मग फटाके, मग कुकर, ताटं, चमचे, सगळ्यात खाली पिशवीची चुरचुर. खालून सुरुवात. आवाज स्वतःच्या हाताने करायचा, कारण आपण करणार आहोत हे माहीत असलेला आवाज कमी लागतो. मी रोज संध्याकाळी चहा झाला की ओट्यापाशी उभी राहायचे. आधी ओट्यावर जाड पंचा, त्यावर स्टीलची वाटी टेकवायची. टेकवायची, उचलायची, टेकवायची. मग पंच्याची घडी उलगडून एकेरी. मग पंचा काढून थेट ग्रॅनाइटवर, पण हळू. मग चमचा वाटीच्या कडेला लावायचा, वाजवायचा नाही, नुसता लावायचा. त्या पहिल्या ‘टिंग’ला माझे खांदे कानापर्यंत वर गेले होते. ते खाली येईपर्यंत थांबायचं, श्वास सोडायचा, पुन्हा. मॅडम म्हणायच्या, कानापेक्षा खांद्यांकडे लक्ष द्या.

सासूबाई आधी दारात उभ्या राहून बघायच्या. मग एके दिवशी म्हणाल्या, “तू डोळे मीट, मी वाजवते.” मी म्हटलं, “आई, नको, अजून ती पायरी आली नाही.” त्या म्हणाल्या, “बरं, मग मला सांग कधी वाजवू ते.” मी ‘आता’ म्हणायचे, त्या वाजवायच्या. काही दिवसांनी मी ‘आता’ म्हणणं सोडलं. शेवटी शेवटी त्या चहाचं आधण ठेवता ठेवता मला न सांगता डबा आपटायच्या आणि तिरक्या नजरेने माझे खांदे बघायच्या. कुकरला हाक मारणं मात्र त्यांनी अजून सोडलेलं नाही. सवय.

विचारांचं काम एका समुपदेशक बाईंकडे झालं. टिनिटसमध्ये त्रास कमी करण्याचा सगळ्यात जास्त तपासलेला उपाय ही विचार-वर्तन पद्धतच आहे, वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यातही तेच आहे. तीही शिट्टी बंद करत नाही. माझ्या डोक्यातली ठरलेली वाक्यं, ‘हे वाढतच जाणार’, ‘आता मी कधीच शांत झोपणार नाही’, कागदावर लिहून काढली आणि त्यांच्यासमोर काल खरं काय घडलं ते लिहिलं. काल जेवताना, पुतणीचा अभ्यास घेताना, ऑफिसात जीएसटीचं विवरणपत्र भरताना शिट्टी आठवलीसुद्धा नव्हती. हे कागदावर आल्याशिवाय मला दिसतच नव्हतं. नवऱ्यालाही एकदा बोलावून घेतलं. तो रोज सकाळी प्रेमाने विचारायचा, “आज कशी आहे शिट्टी?” आणि मी इमानदारीत आत डोकावून बघायचे. बाईंनी त्याला ते विचारायचं बंद करायला सांगितलं. बिचाऱ्याला काही दिवस सकाळी काय बोलावं तेच सुचेना. रात्री दोन वाजता फोनवर टिनिटसबद्दल वाचणंही बंद. जे बरे झाले ते लिहायला बसत नाहीत; तिथे भेटतात ते त्रासात असलेलेच.

सरळ चढत गेलं असं नाही. मे महिन्यात एका वरातीत अडकले, बँडचा ट्रम्पेट थेट डाव्या बाजूला, पिशवीत बोळे नाहीत. पुन्हा टोचायला लागलं, पुन्हा शिट्टी मोठी. पहिल्या खेपेला अशा धक्क्यातून सावरायला आठवडे लागायचे. यावेळी पंखा, पाऊस, ओटा हे सगळं तसंच चालू ठेवलं आणि आठवडा संपायच्या आत मी पूर्वपदावर होते. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, “वाढलं याकडे बघू नका, उतरलं किती लवकर ते बघा.” जूनमध्ये खरा पाऊस आला. बाल्कनीच्या पत्र्यावर सर कोसळली आणि मी तिथेच खुर्ची टाकून बसले. काही महिन्यांपूर्वी याच पत्र्याच्या आवाजाला मी दारं लावून घेतली असती.

वर्षाने पुन्हा मोजलं. ४००० ची खाच होती तशीच आहे, ती जाणार नाही. शिट्टी अजून ६००० वरच, तेवढीच. पण नकोशा आवाजाला हात ६५ ऐवजी ८५ ला वर गेला आणि त्या २५ प्रश्नांचे मार्क २२ वर आले. झांज अजून जवळून नको वाटते. हे लिहायला घेतल्यापासून शिट्टी जरा जास्त येतेय, स्वाभाविक आहे. संपलं की जाईल.

पथकात परत गेले, पण ताशा ठेवला. आता मी ध्वज धरते आणि सरावाला मुलांच्या मागे लागते. मॅडमकडून आणलेलं गणित मी नदीपात्रातल्या सरावाच्या जागी पुठ्ठ्यावर लिहून टांगलंय: ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला १५ मिनिटं. १०६ ला चार मिनिटंसुद्धा नाहीत. ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची शिफारस आहे. आपल्याकडे कारखान्यांना ९० डेसिबल ८ तास चालतात, आणि पथकाला तर कुणी विचारतच नाही. ताशांच्या ओळीत फोनवरचं अ‍ॅप १०५ च्या खाली उतरत नव्हतं. फोनचा माइक इतक्या आवाजाला भरवशाचा नसतो, पण अंदाजाला पुरतो.

फोमचे बोळे मुलं काढून फेकतात, आणि त्यांचंही चुकत नाही. फोम वरचे स्वर जास्त खातो, काडीचा कस ऐकू येत नाही, हात चुकतो. वादकांसाठी फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळे स्वर जवळपास सारखेच, १५-२० डेसिबलने खाली आणतात. १०० चे ८५ झाले की पंधरा मिनिटांचे आठ तास होतात. अध्यक्षांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “ताई, एवढ्या पोरांना प्लग घ्यायचे तर नवीन ढोल कुठून आणू?” मी म्हटलं, सगळ्यांना नको, ताशाच्या ओळीला घ्या, आणि वीस मिनिटं वाजवलं की ओळ बदला. ओळ बदलायला पैसे पडत नाहीत. ओळ बदलायचं ठरलं. प्लग अर्ध्या जणांनी स्वतःच्या खिशातून घेतले.

परवा सराव संपल्यावर एक नवा मुलगा घुटमळत आला. अकरावीतला असेल. “ताई, कान वाजतो ते किती वेळ वाजलं तर दाखवायचं?” मी त्याला विचारलं, ऐकू कमी येतंय का? नुसतं वाजतंय की फोनवरचं बोलणंही एका कानाने कळत नाही? नुसतं वाजत असेल तर आज रात्री शांत खोलीत झोपू नकोस, पंखा लाव, आणि पुढचे दोन-तीन दिवस सरावाला येऊ नकोस. तेवढ्यात गेलं नाही तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढ. पण एका कानाने अचानक ऐकू यायचं कमी झालं असेल तर उद्यावरही टाकायचं नाही, आजच कानाच्या डॉक्टरकडे जायचं. त्याला स्टेरॉइड देतात, ते जितक्या लवकर तितकं उपयोगी, आणि दोन आठवडे उलटले की उपयोग फार कमी होत जातो. त्याने दोन्ही कानांवर आलटून पालटून फोन धरून घरी आईशी बोलून बघितलं. दोन्हीकडून तिने त्याला उशीर झाल्याबद्दल झापलं, आणि त्याला दोन्हीकडून नीट ऐकू आलं.